आमचा टाइमपास

पुणे आणि उमरी. दोन गावं, दोन घड्याळं आणि दर रविवारी एक फोन. दोन्हीकडून रिपोर्ट एकच यायचा, 'सगळं मस्त!' आणि नेमकं तिथंच चुकत होतं...

ऑफिसात मला सगळे 'टाइमपास' म्हणायचे. चिडवायला म्हणायचे, पण त्यात खोटं काही नव्हतं. एका ठिकाणची वेळ दुसऱ्या ठिकाणी पास करायची, हेच माझं काम होतं आणि त्याचाच मला पगार मिळायचा.

हसू नका. तुम्ही हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये कॅबमध्ये बसून रील्स बघत असता ना, तेव्हा आजूबाजूचे मोबाइल टॉवर पाळी लावून बोलत असतात. आधी टॉवर बोलणार, मग तुमचा फोन, मग परत टॉवर. फाइव्ह-जीमध्ये ही पाळी सेकंदाच्या काही हजाराव्या भागात बदलते. शेजारच्या टॉवरचं घड्याळ जरा सरकलं, की एकाचं बोलणं संपायच्या आत दुसरा सुरू होतो. थेट टीव्हीवरची चर्चा! म्हणून या टॉवरना खऱ्या वेळेपासून दीड मायक्रोसेकंदाच्या पलीकडं जायची परवानगी नसते. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. टॉवरवर मशरूमसारखी एक छोटी पांढरी अँटेना दिसते, ती ही वेळ उपग्रहांकडून घेते. आपल्याला वाटतं जीपीएस म्हणजे रस्ता दाखवणारी बाई. खरं तर ते आकाशात फिरणारं घड्याळांचं दुकान आहे.

आणि घड्याळांच्या दुकानातच तर मी लहानाची मोठी झाले.

उमरी कुठंय, असा प्रश्न पुण्यात दर दोन दिवसांनी यायचा. नांदेडहून निजामाबादकडं निघालात, की मुदखेडच्या पुढं आणि धर्माबादच्या अलीकडं. आमच्या गावात मराठीत सुरू झालेलं वाक्य तेलुगूत संपू शकतं. तिथं बाजारात अण्णांचं दुकान. एक काचेचं कपाट, एक स्टूल, डोळ्याला लावायचं भिंग, चिमटे आणि बाटलीभर पेट्रोल. गिऱ्हाईक म्हणजे एचएमटीवाले. लग्नात मिळालेली, रिटायरमेंटला मिळालेली, वडिलांच्या आठवणीची. एचएमटीचा घड्याळांचा कारखाना बंद करायचा निर्णय २०१६ मध्ये झाला, पण आमच्या दुकानात एचएमटी कधी बंद पडली नाही.

अण्णांची एक पद्धत होती. दुरुस्त केलेलं घड्याळ लगेच परत द्यायचं नाही. आठ दिवस खिळ्याला टांगायचं आणि रोज वहीत नोंद करायची. अधिक बारा, अधिक बारा, अधिक अकरा, अधिक तेरा. म्हणजे घड्याळ रोज इतके सेकंद पुढं जातंय.

पण कशाच्या पुढं? तर स्टेशनच्या. रेल्वेची जुनी शिस्त अशी, की रोज दुपारी चार वाजता कंट्रोलकडून फोनवर वेळ येते आणि लाइनीवरची सगळी स्टेशनं आपापली घड्याळं त्यावर जुळवतात. अण्णा चारच्या सुमाराला स्टेशनवर जायचे, आपल्या मनगटावरचं घड्याळ तिथल्या घड्याळाशी ताडायचे आणि परत यायचे. अण्णांच्या मनगटावर बसून वेळ दुकानात यायची. माझ्या लहानपणी गाडी मीटरगेजवरून धावायची आणि वाट्टेल तेवढी लेट व्हायची, पण स्टेशनच्या घड्याळावर अण्णांचा विश्वास ठाम. पुढं इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं, की मोठमोठ्या प्रयोगशाळाही एके काळी हेच करायच्या. अणुघड्याळ विमानात घालून दुसऱ्या देशात न्यायच्या आणि तिथल्या घड्याळाशी ताडायच्या. माझे अण्णा चालत जायचे, एवढाच फरक!

एकदा एका गिऱ्हाइकानं वही बघितली आणि भडकला. 'रोज बारा सेकंद पुढं जायलंय, मग दुरुस्त काय केलंत?'

अण्णा म्हणाले, 'रोज बारा जायलंय ना? मग हे शहाणं घड्याळ हाय. त्याची खोड मला कळली, आता केसभर काटा सरकवला की झालं. आज बारा पुढं, उद्या पाच मागं, परवा बरोबर, असं घड्याळ असलं की मग डोक्याला हात लावायचा.'

इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मला कोणी याहून सोप्या भाषेत 'स्टॅबिलिटी' समजावली नाही. घड्याळ बरोबर आहे का, हा एक प्रश्न. ते भरवशाचं आहे का, हा वेगळाच प्रश्न. आणि लांबच्या दोन घड्याळांच्या बाबतीत तर तिसराच प्रश्न येतो. मधला रस्ता भरवशाचा आहे का?

कारण उपग्रहाची वेळ येते ती रस्ता कापून. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर वर असतात. उपग्रह डोक्यावर असला, तरी सिग्नलला खाली यायला सेकंदाचे सदुसष्ट हजारावे भाग लागतात. हे वजा करता येतं. पण वाटेत आयनोस्फिअर आहे, हवेतली वाफ आहे. त्यांच्यामुळं सिग्नल रेंगाळतो, आणि रोज सारखा रेंगाळत नाही. आयनोस्फिअरचा त्रास दुपारी जास्त, पहाटे कमी. आपल्यासारख्या उष्ण पट्ट्यातल्या देशांवर तर तो अंमळ जास्तच लहरी. मोठ्या प्रयोगशाळा नॅनोसेकंदात हिशेब करतात. नॅनोसेकंद म्हणजे मायक्रोसेकंदाचा हजारावा भाग. तेवढ्यात प्रकाश जातो जेमतेम एक फूट. त्या हिशेबात रिसीव्हरच्या खोलीचा एसी बंद पडला तरी आकडा हलतो.

मग यावर उपाय? एक उपाय इतका साधा आहे, की अण्णांना मी तो दोन मिनिटांत सांगितला होता. समजा तुम्ही उमरीत आणि मी पुण्यात. दोघांनी सकाळच्या बातम्यांआधीचे आकाशवाणीचे 'पीप पीप' ऐकले आणि आपापल्या घड्याळात किती वाजले ते लिहून ठेवलं. मग फोनवर आकडे सांगितले आणि वजाबाकी केली. आकाशवाणीचंच घड्याळ चुकलेलं असलं तर? काही बिघडत नाही! चूक दोघांच्याही आकड्यात सारखीच आली, वजाबाकीत उडून गेली. अमेरिकेतल्या डेव्हिड अॅलन आणि मार्क वाइस यांनी १९८० मध्ये जीपीएससाठी हीच युक्ती मांडली. दोघांनी एकाच वेळी एकाच उपग्रहाकडं बघायचं. उपग्रहाच्या घड्याळाची चूक जाते, वाटेतलीही बरीचशी जाते. अनेक वर्षं देशोदेशींची घड्याळं अशीच ताडली गेली.

उरते ती खरखर. तिच्यावर औषध एकच, एका रीडिंगवर विश्वास ठेवायचा नाही. याच अॅलननं १९६६ मध्ये घड्याळाचा डगमगता स्वभाव मोजायची पद्धत दिली होती. एका मिनिटाचं बघा, तासाचं बघा, दिवसाचं, महिन्याचं बघा. थोड्या वेळात रस्त्याचा गोंगाटच जास्त ऐकू येतो. जास्त वेळ धीर धरला, की गोंगाट विरतो आणि घड्याळाची खरी चाल दिसायला लागते. जगाची अधिकृत वेळसुद्धा अशी धीरानंच ठरते. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेसारख्या ऐंशीच्या आसपास संस्था आपल्या चारशेहून जास्त अणुघड्याळांचे आकडे पॅरिसजवळच्या एका कार्यालयाला पाठवतात. तिथं हिशेब होतो आणि तुमचं घड्याळ गेल्या महिन्यात किती सरकलं होतं, हे पुढच्या महिन्यात कळतं. आहे की नाही गंमत? या क्षणी नेमके किती वाजलेत, हे या क्षणी कोणालाच पक्कं माहीत नसतं.

आता माझी गोष्ट.

गेल्या वर्षी एप्रिलमधल्या एका शुक्रवारी कॅलेंडरवर मीटिंग पडली, 'क्विक कॅच-अप'. अकरा मिनिटांत माझी नोकरी गेली. टीमच गेली. लॅपटॉप जमा केला, कार्ड जमा केलं, खाली येऊन कटिंग प्यायले. फ्लॅटमेटला सांगितलं, जिमच्या मैत्रिणीला सांगितलं. घरी नाही सांगितलं.

आमच्या कामात 'होल्डओव्हर' म्हणून एक प्रकार असतो. टॉवरचा उपग्रहाशी संपर्क तुटला, तरी त्याचं घड्याळ लगेच बिघडत नाही. शेवटच्या बरोबर वेळेच्या आठवणीवर ते चालत राहतं. काही तास तर बाहेर कोणाला पत्ताही लागत नाही. मी तशीच चालत राहिले. रोज नवाला आंघोळ करून, लिंक्डइन उघडून, इस्त्रीचा कुर्ता घालून कॅफेत बसायचे. आणि रविवारी फोन.

'काय करायलीस बाई?'

'काही नाही अण्णा, कपडे धुतेय.'

'काम कसं हाय?'

'मस्त. दुकान?'

'दुकान बी मस्त. तू पैसे नको पाठवू, लई गिऱ्हाईक हाय सध्या.'

मी सेव्हिंगमधून पैसे पाठवत राहिले. न पाठवलं तर त्यांना कळलं असतं ना! चार महिने.

श्रावणात घरी गेले. अण्णा स्टेशनवर घ्यायला आले होते. मनगटावर नेहमीची एचएमटी, पण तिच्यात दहा वाजून दहा मिनिटं आणि बाहेर उजाडत होतं. मी विचारलं, तर म्हणाले, 'सर्व्हिसिंगला आलंय.' रोज सकाळी किल्ली देणारा माणूस. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी माझंच खोटं सांभाळण्यात इतकी बिझी होते, की दुसऱ्याचं दिसलंच नाही.

दोन दिवसांनी नांदेडच्या मावसभावाची गाडी घेऊन आम्ही औंढा नागनाथला गेलो. सोमवारची गर्दी टाळून बुधवारी. दर्शन झालं, आईला ओळखीच्या बायका भेटल्या, अण्णा आणि मी चहाच्या टपरीवर बसलो. टपरीवाला कोणाला तरी सांगत होता, इथं लय मोठं मशीन यायलंय.

'काय मोजणार म्हणं ते?' अण्णांनी विचारलं.

आता हा तर माझ्या लाडक्या विषयाचा प्रश्न. मी सुरू झाले. औंढ्याजवळ 'लायगो-इंडिया' उभी राहायची आहे. केंद्र सरकारनं २०२३ च्या एप्रिलमध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या, काटकोनात. लांब कुठंतरी दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली, की अवकाशच किंचित हलतं. ते हलणं ही नळी पकडते. अमेरिकेत अशी दोन यंत्रं आहेत, एकमेकांपासून तीन हजार किलोमीटरवर. १४ सप्टेंबर २०१५ ला आपल्याकडं दुपारचे तीन वाजून वीस मिनिटं झालेली असताना त्यांना पहिली लाट सापडली. आधी लुइझियानातल्या यंत्राला आणि सुमारे सात मिलिसेकंदांनी वॉशिंग्टन राज्यातल्या यंत्राला. या सात मिलिसेकंदांवरूनच कळतं, की लाट कुठल्या दिशेनं आली असेल. पण दोनच ठिकाणचे आकडे असले, तर आकाशातला मोठा पट्टा शिल्लक राहतो. २०१७ च्या ऑगस्टमध्ये इटलीतलं तिसरं यंत्र सोबत आलं, तेव्हा एका टकरीची जागा इतकी आवळता आली, की दुर्बिणींनी ती शोधून काढली. १३ कोटी प्रकाशवर्षांवरची आकाशगंगा. आता औंढ्याचं यंत्र त्या सगळ्यांपासून खूप लांब असेल, म्हणून तर त्याचं महत्त्व.

अण्णांनी एकच प्रश्न विचारला. 'पण तिन्हीकडची घड्याळं बरोबर हायेत, हे कोण बघणार?'

बघा! दुकानदाराचा प्रश्न. मी म्हटलं, उपग्रह बघणार. प्रत्येक ठिकाणी जीपीएसवरून वेळ घेतात, मायक्रोसेकंदाच्या आत. मग ओघात आपल्या 'नाविक'चंही सांगितलं. २०१३ मध्ये सोडलेल्या त्याच्या पहिल्या उपग्रहातली तिन्ही रुबिडियम घड्याळं बंद पडली, ते २०१७ मध्ये जाहीर झालं. मग आपण स्वतःचं घड्याळ बनवलं, २०२३ मध्ये ते वर गेलं.

'तीन-तीन घड्याळं बंद? अन् वर दुरुस्तीला कोणी नाही?' अण्णांना खरंच वाईट वाटलं.

'आणि अण्णा, याहून बारीक ताडायचं असलं तर अजून एक पद्धत आहे,' मी म्हटलं. 'टू-वे. एकानं सांगायचं आणि दुसऱ्यानं ऐकायचं, असं नाही. दोघांनी एकाच वेळी, एकाच उपग्रहातून, एकमेकांना सिग्नल पाठवायचा. जायचा रस्ता आणि यायचा रस्ता जवळपास एकच. मग वाटेत किती उशीर झाला हे माहीत नसलं तरी चालतं, तो वजाबाकीत जातो. अट एकच. दोघांनीही बोलायचं आणि दोघांनीही ऐकायचं.'

अण्णा काही बोलले नाहीत. चहाचा ग्लास तसाच बाकावर होता. निवत चाललेला. मी म्हटलं, 'घ्या ना.' त्यांनी खिशातला उजवा हात काढला आणि ग्लास उचलला. अर्धा चहा बाकावर सांडला.

मला का कोण जाणे, त्यांना आधी बोलू द्यावंसं वाटलं नाही. मी म्हटलं, 'अण्णा, माझी नोकरी गेली. चार महिने झाले.'

अण्णा म्हणाले, 'दुकान बंद करून पाच झाले बाई. पाडव्यापासून. चिमटा धरवत नाही.'

दोघांची वाक्यं जवळजवळ एकमेकांवर पडली. मग आम्ही दोघं हसलो आणि मग मला रडू आलं. टपरीवाल्यानं न विचारता अण्णांसाठी चहा अर्ध्या ग्लासात आणून दिला. अर्धा भरलेला ग्लास सांडत नाही. त्याला हे कसं कळलं, देव जाणे.

त्या रात्री उमरीत झोप येईना. मी फोनचा कॉल लॉग उघडला. रविवारचे सगळे कॉल एकाखाली एक. जानेवारीत बावीस मिनिटं, चोवीस मिनिटं. मार्चमध्ये पंधरा. मेमध्ये नऊ. जुलैच्या शेवटच्या रविवारी साडेतीन मिनिटं. एकेक फोन सुटा बघितला, तर कशातच काही नव्हतं. एकदा रेंज नव्हती, एकदा कुकरची शिट्टी झाली, एकदा कोणी आलं. गोंगाट. पण सगळे एका रांगेत लावले, तर लहान पोरालाही चाल दिसली असती. आणि हे काम करायचा मला पगार मिळत होता!

सरकलं कोणाचं घड्याळ, माझं की त्यांचं? दोनच घड्याळं असली की फरक कळतो, चूक कोणाची ते कळत नाही. त्याला तिसरं घड्याळ लागतं. आमच्या घरी ते आई. तिला अण्णांच्या हाताचं पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माझंही, म्हणे, मे महिन्यातच कळलं होतं. 'तू कामावर असलीस की फोनवर घाईत असतीस. मेपासून तुला घाईच नव्हती,' आई म्हणाली. मग बोलली का नाहीस? 'तू अण्णांच्या घोरात, अण्णा तुझ्या घोरात. मी मधी बोलून कोणाचं ओझं वाढवू?'

नांदेडच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. हात पूर्वीपेक्षा बरा आहे. ताट-वाटी, सही, किल्ली, एवढं जमतं. हेअरस्प्रिंग नाही जमत, आणि जमणारही नाही, हे आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. दुकान अण्णा रोज दोन तास उघडतात. सेल बदलतात, पट्टे घालतात आणि गल्लीतल्या एका पोराला स्टुलावर बसवून मागून ओरडतात. मला डिसेंबरमध्ये नोकरी लागली. पगार आधीपेक्षा कमी आहे, काम तेच. नव्या ऑफिसात अजून कोणी टाइमपास म्हणत नाही, पण म्हणतील.

रविवारचा नियम मात्र बदललाय. 'मस्त' या शब्दावर बंदी. आधी दोघांनी आपापला आठवड्याचा आकडा सांगायचा, अधिक किंवा उणे, एकदमच, म्हणजे एकाचं ऐकून दुसऱ्याला बदलता येत नाही. मग त्याचं कारण. अण्णा ते दुकानातल्या जुन्या वहीत लिहितात. अक्षर वाकडं येतं, पण वाचता येतं.

परवाच्या रविवारी आम्ही दोघं एकदमच 'उणे' म्हणालो. माझं अप्रेझलवरून, त्यांचं डाव्या हातावरून. त्या हातालाही जरा सुरुवात झालीय. थोडा वेळ कोणीच बोललं नाही. मग पलीकडून वहीचं पान उलटल्याचा आवाज आला आणि अण्णा म्हणाले, 'लिहिलं. पुढच्या रविवारी बघू. एका दिवसावरून काही ठरवायचं नसतं बाई.'

कॉल एकतीस मिनिटं चालला.